ट्युलिपला नुसती पानंच आली, फूल कुठे गेलं?

पत्र मोठं होतं म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देतेय:

"ताई, गेल्या वर्षी हौसेने ट्युलिपचे ३० कंद आणले. खराब होतील या भीतीने १५ लगेच लावून टाकले, कुंपणालगत सरळ एका ओळीत. उरलेले १५ फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात सफरचंदांबरोबर तीन आठवडे ठेवले आणि मग त्याच ओळीत पुढे लावले. शेवटी २२ ना नुसती पानं आली (काहींना दोन-तीन, काहींना एकच रुंद पान), ५ ना फुलं आली पण बोटभर देठावर, पानांतच अडकलेली, आणि ३ कंद सडले. आमच्याकडे थंडीत रात्री ६-७ डिग्रीपर्यंत उतरतं, दुपारी १८-२० असतं, बर्फ पडत नाही. यंदा ६० कंद घेतलेत, लाल, पांढरे आणि गर्द जांभळे, कालच हातात आले. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या दिवसभर खिडकीशी बसतात, त्या खिडकीसमोर दोन मीटर बाय एक मीटरचा वाफा करायचाय. यंदा तरी त्यांना फुलं दिसायला हवीत. काय चुकलं आणि काय करू? जुने कंद काढून ठेवलेत, ते परत लावू का? – हिरमुसलेली"

अगं, आपल्या हाताला गुणच नाही असलं काही मनात असेल तर ते आधी काढून टाक. तू आकडे नीट मोजून लिहिलेस हे फार बरं केलंस, कारण त्यातूनच सगळं कळतंय, नुसती पानं, बुटकी फुलं आणि सडलेले कंद ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तिन्हींवर उपाय आहे.

एक गोष्ट समजून घे, बाकी सगळं त्यावरूनच सुचत जाईल. ट्युलिपचं फूल आपण उगवत नाही, ते कंदात आधीच असतं. एक कंद वाया गेला तरी चालेल अशी तयारी असेल तर त्या ६० मधला एक उभा मधोमध काप. कांद्यासारखे पांढरे जाड पापुद्रे दिसतील आणि अगदी गाभ्यात इवलासा कोंब, त्यात पानं आणि पानांच्या कुशीत कळी, बारीक बघितलंस तर पुंकेसरसुद्धा ओळखू येतात. ही कळी जमिनीवरची पानं वाळून कंद झोपी जातो ना, त्या उन्हाळ्यातच आत तयार झालेली असते. म्हणजे तुझ्या हातात काल जे आले ते साठ फुलंच आहेत, फक्त मिटलेली. आता पुढच्या चार-पाच महिन्यांत ती कळी आतल्या आत मरू द्यायची नाही आणि तिला वर यायला लागणारी थंडी पुरती द्यायची, तुझं काम एवढंच.

आता गेल्या वर्षीचं. सफरचंदाबरोबर ठेवलेले ते १५ कंद मला वाटतं तिथेच गेले. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही पण कंदातली कळी त्याने करपते. बाहेरून कंद टणक, ठणठणीत दिसतो, पानंसुद्धा व्यवस्थित येतात, आणि मध्ये फूल यायचं तिथे काहीच नाही किंवा कागदासारखी वाळलेली कळी. ज्यांना दोन-तीन पानं येऊनही फूल आलं नाही ते बहुतेक हेच. आणि ज्यांना एकच रुंद पान आलं त्यांचं वेगळं आहे, ते कंद मुळात लहान होते. एकच पान म्हणजे या कंदात यंदा कळी नव्हतीच असं खुशाल समज. कंद विकतात ते घेराच्या सेंटीमीटरवर, घेर म्हणजे पोटाभोवती दोरा गुंडाळून मोजलेला, १२ किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम, १०-११ ला फूल येतं पण जरा लहान, त्याखाली भरवसा नाही. मी पण एकदा एका विक्रेत्याकडून स्वस्तातलं मिक्स पाकीट घेतलं होतं, मोजायचं डोक्यातच आलं नाही, आणि वसंतभर एकेका पानाची रांग बघत बसले. तेव्हापासून पाकीट आलं की पहिलं काम मोजपट्टी. तूही आजच मोज, आणि दाबूनही बघ, टणक हवा. वरचं तपकिरी साल सुटलेलं असेल तर काही हरकत नाही, सालावर जराशी निळसर बुरशी असेल तर पुसून टाक, पण बुडाशी मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर तो कंद लगेच बाजूला काढून फेकून दे, कारण तो नुसता स्वतः सडत नाही, तोही इथिलीन सोडतो आणि पिशवीतल्या बाकीच्यांना घेऊन जातो.

बुटकी पाच फुलं म्हणजे थंडी कमी पडल्याची खूण. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगराळ भागातला, तिएनशान आणि पामीरच्या बाजूचा, तिथे हिवाळा लांब आणि कडक. त्याच्या देठाला उंच व्हायला आधी सलग गारवा लागतो, साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ९ डिग्रीमध्ये. तो मिळाला की वसंतात ऊब लागताच देठ सरसर वाढतो, नाही मिळाला तर कळी बिचारी उघडते पण देठ वाढतच नाही, पानांच्या गाभ्यातच बसून राहते. तुमच्याकडे रात्री ६-७ डिग्री असली तरी दुपारी १८-२० होतात, जमीन काही तेवढी गार पडत नाही, आणि तू तर लावलेसही लवकर, माती कोमट असतानाच.

म्हणून तुझ्यासाठी फ्रीज हाच खरा हिवाळा. यात घाई आणि अंदाज दोन्ही नको, मोजून कर. तुमच्याकडचे सगळ्यात गार आठवडे कुठले ते ठरव, त्याच्या सुरुवातीला कंद जमिनीत जायला हवेत, आणि तिथून उलटे १४ आठवडे मोज. समजा जानेवारीचा पहिला आठवडा धरलास तर सप्टेंबरच्या शेवटी कंद फ्रीजमध्ये जायला हवेत (पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात राहणाऱ्या मैत्रिणींनी सगळं सहा महिन्यांनी सरकवून वाचा). तोपर्यंत घरात वारा खेळेल अशा सावलीच्या जागी, जाळीच्या पिशवीत किंवा उघड्या ट्रेमध्ये पसरून ठेव, १७ ते २० डिग्री आदर्श, खिडकीच्या उन्हात नको. फ्रीजमध्ये ठेवताना कागदी किंवा जाळीची पिशवी, प्लास्टिक अजिबात नाही, घाम धरतो आणि बुरशी येते. पिशवीवर ठेवल्याची तारीख आणि काढायची तारीख दोन्ही लिही, आणि वर मोठ्या अक्षरात 'खायचे नाहीत' असंही लिही कारण ते कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात, घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांच्यासाठीही. फ्रीजरमध्ये नाही हं, गोठला की कंद संपला. आणि त्या १४ आठवड्यांत फ्रीजमध्ये फळं नकोत, सफरचंद, नाशपाती, केळं काहीच नाही. जमत नसेल तर शेजारी कोणाचा जास्तीचा फ्रीज आहे का विचार, पण फळं आणि कंद एका दाराआड ठेवू नकोस, कप्पा वेगळा केला तरी हवा तीच असते. दर पंधरा दिवसांनी पिशवीत हात घालून एकेक चाचपून बघ.

काढले की त्याच दिवशी लाव, बाहेर उबेत पडू देऊ नकोस. (ज्यांच्याकडे हिवाळा खरंच कडक असतो त्यांना यातलं काही करावं लागत नाही, माती १५ सेंटीमीटर खोलीवर १३ डिग्रीच्या खाली गेली की सरळ जमिनीत लावायचे, बाकीचं हिवाळा करतो. आणि त्यांनी उशीर झाला म्हणून घाबरू नये, ट्युलिपला उशिरा लावलेलं चालतं, लवकर लावलेलं बाधतं.)

तीन सडले त्याचं कारण तूच पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलंयस, कुंपणाशी पाणी साचतं म्हणून. ट्युलिपला गारठा सोसतो, ओल साचलेली सोसत नाही. नव्या वाफ्याच्या जागी एक फूटभर खड्डा खण, पाण्याने भर, जिरू दे, परत भर आणि बघ. दुसऱ्यांदाचं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर छान. दुसऱ्या दिवशी सकाळीही खाली पाणी दिसलं तर तिथे गादीवाफाच कर, आजूबाजूपेक्षा वीतभर उंच, त्यात जाडी वाळू आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळ. ताजं शेणखत नको, त्याने कंद सडतात. पहिल्या वर्षी खताचीही फारशी गरज नसते, शिदोरी कंदात भरूनच आलेली असते. ऊन मात्र हवं, दिवसातून निदान सहा तास.

लावायचं कसं तर टोक वर, सपाट बूड खाली. चुकून आडवा गेला तरी कोंब वळून वर येतो पण उगाच त्याची ताकद कशाला घालवायची. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे साधारण १५ ते २० सेंटीमीटर, आणि ही खोली बुडापासून मोजायची. गरम हवेच्या जागी मी २० च सांगेन, खालची माती जास्त वेळ गार राहते. दोन कंदांत १० ते १२ सेंटीमीटर. एकेका कंदाला वेगळं भोक पाडत बसू नकोस, अख्ख्या वाफ्याची माती उपसून बाजूला काढ, खालचा थर खुरप्याने भुसभुशीत कर, सगळे कंद मांडून मग वरून माती लोट, काम निम्म्या वेळात होतं आणि खोली सारखी राहते. हातमोजे घाल, कंद खूप हाताळले की बोटांना खाज सुटते, कंदाची शेतं करणारे लोक त्याला ट्युलिप फिंगर्स म्हणतात. लावून झालं की एकदा भरपूर पाणी दे म्हणजे मुळं सुटतात, मग कोंब दिसेपर्यंत माती पार कोरडी पडली तरच. खारी किंवा उंदीर असतील (ट्युलिपचा कंद म्हणजे त्यांना मेजवानी) तर मातीवर तारेची जाळी अंथरून कडा दाबून टाक, कोंब त्यातून वर येतात. नार्सिससचे कंद मात्र उंदीर सोडून देतात कारण ते त्यांना विषारी असतात, म्हणून काहीजण वाफ्याच्या कडेने नार्सिसस लावतात. थोडी मदत होते पण जाळीची सर नाही.

कोणाला कुंडीतच लावायचे असतील तर, कंदाला एक बाजू जरा सपाट असते, ती कुंडीच्या कडेकडे करा, पहिलं मोठं पान त्या बाजूला येतं आणि कुंडीच्या काठावरून छान बाहेर झुकतं.

जुन्या कंदांचं ऐकून तुला वाईट वाटेल पण खरं ते सांगते. ट्युलिपचा लावलेला कंद दर वर्षी संपतो, फुलाला आणि पानांना सगळं देऊन तो झिजतो आणि त्याच्या जागी पिल्लं तयार होतात. पानांना फुलानंतर सहाएक आठवडे गार हवा आणि ऊन मिळालं तर त्यातलं एखादं पिल्लू चांगलं पोसतं आणि पुढच्या वर्षी फुलतं. तुमच्याकडे थंडी संपली की लगेच तापायला लागत असेल, पानं लवकर वाळतात, पिल्लं बारीक राहतात. तेव्हा काढून ठेवलेल्यातले दोऱ्याने मोजून १० सेंटीमीटरच्या वर भरतील तेवढेच फ्रीजमध्ये घाल, त्यांची पिशवी वेगळी, आणि लावतानाही वाफ्यात नको, मागे कुठेतरी किंवा कुंडीत लाव. बाकीचे जाऊ दे. गरम भागातले बहुतेक लोक ट्युलिपचे कंद दर वर्षी नवे घेतात, त्यात कमीपणा काही नाही. तरी यंदा फुलं गळाली की बियांची बोंडं तेवढी खुडून टाक, हिरवी पानं कापू नकोस आणि गाठ मारून बांधूही नकोस, पिवळी पडून आपोआप सुटू दे. आणि कुंपणाच्या त्या जागी आता तीन वर्षं तरी ट्युलिप नको. बोट्रायटिस ट्युलिपे नावाची बुरशी मातीत राहते, तिने कोंब भाजल्यासारखे वेडेवाकडे, डागाळलेले येतात, असं एखादं झाड दिसलं तर कंदासकट उपटून टाक.

वर्षानुवर्षं परत येणारं काहीतरी हवंच असं मनात असेल तर पुढच्या वेळी दहा-बारा कंद ट्युलिपा क्लुसियानाचे घे. बुटका, नाजूक, पाकळ्या बाहेरून लाल आतून पांढऱ्या, मला तर मोठ्या फुलांपेक्षा तोच जास्त आवडतो. त्याला थंडी कमी लागते, सौम्य हिवाळ्यातही टिकतो. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते कॅरोलस क्लुसियस १५९३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात आले, तिथल्या बागेत त्यांनी कंद लावले, १५९४ ला फुलं आली, आणि लोकांनी त्यांच्या बागेतून कंद चोरून नेले. पुढे तिथे ट्युलिपचं जे वेड वाढलं आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये भाव कोसळले ते सगळ्यांना माहीत असतं, पण तेव्हा ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या फुलांसाठी लोक सर्वात जास्त पैसे मोजत ती फुलं आजारी होती हे फारसं कोणी सांगत नाही. तो आजार विषाणूचा, आणि मावा म्हणजे रस शोषणारे बारीक किडे तो पसरवतात. १९२८ मध्ये डोरोथी केली या शास्त्रज्ञ बाईंनी फुलांवर असे पट्टे फुटणं लागण होऊन होतं हे दाखवलं. हे तुला का सांगतेय तर तुझ्या लाल फुलांत एखादं अचानक पांढऱ्या रेघांचं निघालं तर हरखून जाऊन जपून ठेवू नकोस, ते झाड काढ, आणि मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने लगेच धुवून काढ. (पाकिटावरच पट्टे दाखवून विकतात त्या आताच्या जाती निरोगी असतात, त्या खुशाल घे.)

आता वाफ्याचं, जे तुला सगळ्यात आधी हवं होतं. दोन बाय एक मीटर म्हणजे दोन चौरस मीटर, १२ सेंटीमीटरवर लावले तर एका चौरस मीटरलाच ६५-७० कंद मावतात. तुझे ६० सगळीकडे पसरलेस तर विरळ दिसतील, टक्कल पडल्यासारखे. आणि ओळ तर अजिबात नको, ओळीतलं एक नाही आलं की तेवढंच डोळ्यात भरतं. तीन पुंजके कर, प्रत्येकी वीस, पुंजका गोल नको, जरा लांबट आणि वाकडातिकडा, एकमेकांत थोडे घुसलेले. मधल्या मोकळ्या जागेत आणि कंदांच्या वरही पॅन्सीसारखी थंडीतली बुटकी रोपं लाव, म्हणजे पहिले दोन महिने नुसती माती बघायला लागणार नाही आणि शेवटी पिवळी पानंही झाकली जातील.

रंगांचं बघताना पाकिटावर जातीचं नाव आणि गट वाच. लाल जर अपेलडॉर्नसारखे डार्विन हायब्रिड असतील तर ते मधल्या हंगामात येतात, गर्द जांभळे जर क्वीन ऑफ नाईट असतील तर ते उशिराचे, म्हणजे दोन्ही एकदम फुलतीलच असं नाही. काहींना एकत्र रंग हवे असतात, पण तुझ्या बाबतीत मला वाटतं मागेपुढे येणं चांगलंच, एका जातीचं फूल दहा-बारा दिवस टिकतं आणि उकडायला लागलं तर त्याहून कमी, एकामागून एक आले तर सासूबाईंना महिनाभर काहीतरी बघायला राहील. लवकरचे पुढे लावायची चूक करू नकोस, त्यांची वाळकी पानं उशिरा येणाऱ्यांच्या समोर येतात, लवकरचे मागे आणि उशिराचे पुढे. गर्द जांभळा रंग मात्र लांबून मातीत बुडून जातो, तो खिडकीच्या सगळ्यात जवळ आणि त्याच्या पाठीला पांढरा असेल असं बघ.

आणि हे सगळं बाहेर उभं राहून ठरवू नकोस. आज दुपारी सासूबाई त्यांच्या खुर्चीत बसल्या असतील तेव्हा दहा-बारा काठ्या घेऊन वाफ्यात जा, काठ्या तुझ्या गुडघ्याएवढ्या उंच घे, फुलं साधारण तेवढीच होतात. त्यांना आतून सांगू दे कुठली काठी दिसतेय आणि कुठली खिडकीच्या चौकटीआड जातेय. उभ्या माणसाला दिसणारा वाफा आणि बसलेल्या माणसाला दिसणारा वाफा यात दीड-दोन हातांचा फरक पडतो. ट्युलिप थंडीत मिटतो आणि ऊन लागलं की उघडतो, त्यामुळे त्या जागेवर सकाळी ऊन किती वाजता येतं तेही त्यांनाच विचार, दिवसभर तिथे बसून त्यांना ते तुझ्यापेक्षा नक्की जास्त माहीत असणार. त्या सांगतील तिथल्या काठ्या तशाच राहू दे, लावायच्या दिवसापर्यंत काढू नकोस.